धडक दुसऱ्याची, भाडे कोणाचे?



गळीत हंगाम सुरू झाला, की शेतकी खात्याकडे ऊसनोंदीच्या आणि तोडणी-तारखांच्या तक्रारी येऊ लागतात. त्यांच्याबरोबर एक निराळी तक्रारही दर वर्षी येतेच. "साहेब, आमचा ट्रॅक्टर आपल्या बाजूनं चालला होता. मागनं ट्रक आला नि ठोकरला. आमची काडीची चूक नाही. आता ट्रॅक्टर गॅरेजला, टोळी फडात बसून, म्हणून दुसरा ट्रॅक्टर भाड्यानं लावलाय. हे भाडं कुणी भरायचं?" या प्रश्नाला गावोगाव मिळणारे उत्तर ठरलेले आहे. नशिबाचा भाग म्हणायचा आणि आपलं आपण भरायचं. आमचे मत याच्या अगदी उलट आहे. ज्याच्या चुकीने धडक झाली त्याने दुरुस्तीच्या खर्चाप्रमाणेच बदली वाहनाचे वाजवी भाडेही दिले पाहिजे. ते मागण्यात लाज बाळगण्यासारखे काही नाही.

भाड्याचा ट्रॅक्टर ही काही चैन नव्हे, हे उसाच्या धंद्यातल्या माणसाला समजावून सांगायला नको. तोडलेला ऊस फडात पडून राहिला, की वजन घटते आणि आतल्या साखरेचा उतारा पडतो. चोवीस तासांच्या आत तो गव्हाणीत पडावा, असे आम्ही जे वारंवार सांगतो ते उगीच नव्हे. त्यात बीड-पाथर्डीकडून उचल घेऊन आलेली टोळी. तिला आठ-दहा दिवस बसवून ठेवले तर ती खाणार काय आणि उचल फिटणार कशी? तेव्हा दुसरे वाहन लावावेच लागते. ते लावले नाही तर नुकसान कमी होत नाही, उलट वाढते. नुकसान वाढू नये म्हणून केलेला खर्च चूक नसलेल्या माणसाच्या गळ्यात का मारावा?

गोंधळ होतो तो दोन गोष्टींचा. आपल्या वाहनाचा पूर्ण विमा आहे म्हणजे भाडेही विमा कंपनी देईल, अशी पुष्कळांची समजूत असते. मोटार विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत आपल्या वाहनाची मोडतोड भरून मिळते, परंतु त्या मोडतोडीपायी पुढे होणारे नुकसान वगळलेले असते, आणि भाडे त्यातच मोडते. म्हणून आपल्या कंपनीकडे भाड्यासाठी खेटे घालण्यात अर्थ नाही. ते मागायचे समोरच्याकडून, म्हणजे चूक करणारा ड्रायव्हर, त्या वाहनाचा मालक आणि त्याची विमा कंपनी यांच्याकडून. दुसरा गोंधळ 'बिनदोष भरपाई' या शब्दाचा. कुणाचीही चूक सिद्ध न करता मिळणारी भरपाई कायद्यात आहे हे खरे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूसाठी ५ लाख व गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये अशी तरतूद लागू झाली. पण ती माणसासाठी आहे, लोखंडासाठी नव्हे. ट्रॅक्टरची दुरुस्ती किंवा भाडे पाहिजे असेल, तर समोरच्याची चूक दाखवावीच लागते.

आणि इथेच आपले लोक घात करून घेतात. धडक झाली की चार माणसे जमतात, कुणीतरी पुढारी मध्ये पडतो, आणि ट्रकवाला खिशातून पाच हजार काढून देतो. वर एक कागद करून घेतो, 'आमची कोणतीही तक्रार नाही, पूर्ण भरपाई मिळाली.' खाली सही. दुसऱ्या दिवशी मेस्त्री सांगतो, चाळीस हजार खर्च आणि बारा दिवस लागतील. मग तो कागद आडवा येतो. जागेवर मिटवण्याने कोर्टकचेरी टळते हे आम्हांलाही कळते. परंतु किती नुकसान झाले हेच ठाऊक नसताना 'पूर्ण भरपाई मिळाली' असे लिहून देणे म्हणजे काट्यावर न जाता उसाचे वजन मान्य करण्यासारखे आहे.

आम्ही शेतकीची पदविका घेतलेले, वकिली आमचे काम नव्हे. तरीपण या प्रश्नावर वकीलमंडळींशी बोलताना एक जुना खटला ऐकायला मिळाला, तो सभासदांनी ऐकण्यासारखा आहे. १९२८ साली ग्रीसमधील पात्रास बंदरात गाळ काढणारे लिसबॉश नावाचे जहाज नांगरून उभे होते. एडिसन नावाच्या आगबोटीने त्याचे दोर ओढून त्याला समुद्रात नेले आणि ते बुडाले. मालकांना बंदराचे काम तर पुरे करायचे होते. नवे जहाज विकत घ्यायला हाताशी पैसा नव्हता, म्हणून त्यांनी दुसरे जहाज भारी भाड्याने लावले. १९३३ साली इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने काय सांगितले? तसेच जहाज बाजारात ज्या भावाला मिळाले असते तो भाव आणि ते मिळेपर्यंतचे नुकसान द्या, पण पैसा नव्हता म्हणून जो जादा खर्च झाला तो देऊ नका. सरळ अर्थ असा, की गरीब असणे हा तुझा प्रश्न. हा दंडक सत्तर वर्षे चालला. पुढे डिसेंबर २००३ मध्ये एका बेकार आणि आजारी गृहस्थाचा खटला त्याच न्यायपीठापुढे आला. त्याच्या जुन्या मोटारीला दुसऱ्याने धडक दिली होती. रोख भाडे भरायची ऐपत नसल्याने त्याने उधारीवर, म्हणजे महाग दराने, मोटार घेतली होती. न्यायपीठाने जुना दंडक बाजूला ठेवला आणि ते महाग भाडेही चूक करणाऱ्याकडून देवविले. पाच न्यायाधीश असतील तिथे मतभेद हे असायचेच, तेही झाले. पण बहुमत गरिबाच्या बाजूने पडले.

इंग्लंडचा निकाल आपल्या न्यायाधिकरणावर बांधील नाही. आपल्याकडे विमा कंपनीचा वकील 'मालमत्तेचे नुकसान म्हणजे फक्त दुरुस्ती' असे म्हणून भांडतो. सगळ्या ठिकाणी एकसारखा निकाल लागेल याची हमी कुणी देऊ नये. परंतु न्याय कशात आहे, हे त्या दोन खटल्यांवरून उघड दिसते, आणि दाखला म्हणून ते मांडता येतात.

आता वाजवी म्हणजे किती? धडक दुसऱ्याने दिली म्हणून आपण वाटेल ते बिल लावावे, हे आम्हांला मुळीच मान्य नाही. समजा, ट्रॅक्टर बारा दिवस बंद आहे आणि बदली ट्रॅक्टरचे भाडे ड्रायव्हर-डिझेलसकट दिवसाला ४,५०० रुपये पडले. एकूण ५४,००० झाले. पण आपला ट्रॅक्टर चालू असता तर डिझेल आणि ड्रायव्हरचा पगार आपल्यालाच भरावा लागला असता. तो दिवसाला २,५०० वाचला असेल, तर ३०,००० वजा करून मागणी २४,००० ची. शिवाय भाडे लावून खेपा केल्या असतील तर त्याच दिवसांच्या बुडालेल्या खेपांचे पैसे पुन्हा मागता येत नाहीत. एका पेंडीचे दोनदा वजन होत नाही. जुन्या पस्तीस अश्वशक्तीच्या जागी नवा पंचावन्नचा लावला, तर फरक आपला. सुटा भाग मिळाला नाही म्हणून चार दिवस जास्त गेले, ते मागता येतील. मेस्त्री पुतण्याच्या लग्नाला गेला आणि आपण दुसरा पाहिला नाही, ते मागू नयेत. भावाचा ट्रॅक्टर लावून नंतर नुसती पावती करणारेही आहेत. अशा एका पावतीने दहा खऱ्या पावत्यांवरचा विश्वास उडतो.

आता थोडे कडू बोलतो. "आमची काडीची चूक नाही" हे वाक्य प्रत्येक वेळी खरे असते काय? दोन ट्रॉल्या मागे, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर, मागे ना लाल दिवा ना परावर्तक पट्टी, आणि टेप एवढा मोठा की मागच्या हॉर्नचा पत्ता नाही. अशी गाडी रात्री दहा वाजता रस्त्याच्या कडेला चाक बदलत उभी असेल, तर मागून येणाऱ्याची चूक किती आणि आपली किती? न्यायाधिकरण ती वाटून देते, आणि जेवढी आपल्या वाट्याला येते तेवढी रक्कम भाड्यातूनही कापली जाते. ट्रॉलीची स्वतंत्र नोंदणी आणि विमा नसेल, किंवा शेतीकामाच्या विम्यावर परक्याचा ऊस भाड्याने वाहिला असेल, तर समोरच्या वकिलाला आयतेच हत्यार मिळते. आणि आपल्या ट्रॉलीने कुणाची जीप किंवा दुधाचा टेंपो ठोकरला, तर त्याच्या बदली टेंपोचे भाडे आपण द्यायचे आहे, हेही तितक्याच मोकळेपणी मान्य करावे. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असा न्याय नसतो.

समोरच्याची विमा पॉलिसी पाहून घ्यावी. चारचाकी व व्यापारी वाहनांच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा साधारणपणे साडेसात लाख असते, पण थोडा हप्ता वाचवण्यासाठी काहींनी ती ६,००० वर आणलेली असते. तसे असेल तर वरचा भार वाहनमालकावर पडतो. पोलिसांकडे नोंद व पंचनामा त्याच दिवशी झाला पाहिजे. दाव्याचा अर्ज सहा महिन्यांत करावा, अशी अट १ एप्रिल २०२२ पासून पुन्हा आली आहे. तिच्यावर न्यायालयात वाद असला, तरी आपण त्या वादाच्या भरवशावर बसू नये.

कारखान्यानेही यात हात आखडता घेऊ नये, असे आम्हांला वाटते. वाहन कोणत्या तारखेपासून बंद होते, बदली वाहनाने किती खेपा केल्या, हे आपल्या काट्याच्या नोंदीत आहेच. त्याचा दाखला सभासदाला दोन दिवसांत मिळाला पाहिजे. तसेच प्रत्येक गटऑफिसात त्या भागातील ट्रॅक्टरभाड्याचे चालू दर दर महिन्याला लिहून ठेवावेत, म्हणजे उद्या वाजवी दर कोणता यावर वाद नको. ही सूचना आम्ही संचालक मंडळापुढे ठेवणार आहोत. तोपर्यंत सभासदांनी भाड्याची पावती घेताना तिच्यावर ट्रॅक्टरचा नंबर, तारखा, दर आणि डिझेल कुणाचे, एवढे चार तपशील लिहून घ्यावेत, आणि काट्याच्या चिठ्ठ्या फेकू नयेत.