कलेला पाढ्यांची मोलकरीण करू नका

शिक्षकांना वर्गात कला आणायला शिकवायचं म्हणजे काय करायचं, याचं उत्तर आता ठरून गेलं आहे. गटसाधन केंद्राचा हॉल, प्रोजेक्टर, दोन-तीन दिवस, घोटीव कागद, अंगठ्याचे ठसे, आइस्क्रीमच्या काड्या आणि समारोपाला पाढ्यांचं एक गाणं. याचं नाव ‘कला एकात्मिक अध्ययन’. 2019 साली एनसीईआरटीने त्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘निष्ठा’ प्रशिक्षणात त्याला जागा मिळाली आणि 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. माझं भांडण या कल्पनेशी नाही. चंद्रपूर आणि गडचिरोलीत ती ज्या रीतीने उतरवली जाते, त्या रीतीशी आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. अशा प्रशिक्षणांना बसलेली आहे. तिथले सुलभक बहुतेक वेळा आमच्यातलेच शिक्षक असतात आणि मनापासून राबतात. पण वरून निघालेला विचार जिल्हा, तालुका, केंद्र अशा पायऱ्या उतरताना पातळ होत जातो. आमच्यापर्यंत पोचते ती फक्त कृती. ती करायची, फोटो काढायचा, ग्रुपवर टाकायचा, लिंक भरायची. मुलाने काय पाहिलं, त्याला काय सुचलं, याला त्या लिंकमध्ये रकाना नसतो.

आता हे कुठे चाललंय ते पाहा. धानाची कापणी झाली की झाडीपट्टीत नाटकाचा हंगाम सुरू होतो. दिवाळीपासून पुढे काही महिने गावोगावी मंडप पडतात, शंकरपट भरतो, लेकी-जावई पाहुणे येतात आणि नाटक रात्रभर चालतं. देसाईगंज म्हणजे आपलं वडसा, हे या कंपन्यांचं मुख्य ठाणं. तिकीट काढून, थंडीत घोंगडं पांघरून पहाटेपर्यंत नाटक बघणारा प्रेक्षक इथे आहे. त्याच्याही आधीपासून दंडार आहे, खडीगंमत आहे. पलीकडे एटापल्ली-भामरागडकडे माडियांची रेला गाणी आणि रिंगणातला नाच आहे. भद्रावतीला ग्रामोदय संघाचं कुंभारकाम आहे. बांबूची सुपं-टोपल्या विणणारे हात तर गावागावात आहेत.

आणि आम्ही प्रशिक्षणात काय शिकतो? दुकानातून आणलेल्या रंगीत मातीचा हत्ती. हा नुसता विनोद नाही. ज्या मुलाची आई टोपलीचा तळ डोळे मिटून विणते, त्या मुलाला आम्ही सांगतो की कला म्हणजे तालुक्याहून येणारं सामान. ते आलं नाही तर कलेचा तास नाही. हळूहळू त्या मुलालाही वाटू लागतं की घरी चालतं ते काम आणि शाळेत चालते ती कला.

कायदाही याच वळणाचा आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक आहे, पण तो सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, आणि तिथेही पट शंभराच्या वर असेल तरच. जंगलातल्या वाडी-टोल्यावर शंभर पट कुठून आणायचा? म्हणजे जिथे शेजारच्या घरात ढोल टांगलेला आहे, नेमक्या त्याच शाळेला कलेचा माणूस मिळणार नाही, हे कायद्यानेच ठरवून ठेवलं आहे. 2023 साली झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. आम्हाला अभिमान वाटला. पण त्यांच्यासारखाच एखादा जाणता कलावंत कलाशिक्षक व्हायचं म्हणाला, तर शाळेच्या दारात त्याला आधी पदविका विचारतील.

इथे नेहमीचा आक्षेप येतो. ‘मॅडम, तिसरीतल्या पोराला वाचता येत नाही, आणि तुम्ही नाटकाचं काय घेऊन बसलात?’ आक्षेप खरा आहे, म्हणूनच त्याला खरं उत्तर द्यायला हवं. माडिया किंवा गोंडी बोलणारं मूल पहिलीत येतं तेव्हा वर्गातली भाषा त्याची नसते. ते गप्प बसतं आणि आम्ही त्याला ‘मागे पडलेलं’ म्हणतो. त्याच मुलाला मोहाची फुलं वेचायला आई कशी जाते ते करून दाखव म्हणा. ते उठतं, वाकतं, टोपली डोक्यावर घेतं, वाटेत अस्वल दिसल्यावर थांबतं. मराठीतला एकही शब्द येण्याआधी त्याने एक गोष्ट सांगितलेली असते. ती फळ्यावर आधी त्याच्या शब्दात लिहायची, मग मराठीत. वाचन इथून सुरू होऊ शकतं. पाढ्यांना चाल लावण्यात आणि यात फरक आहे. तिथे मूल आपलं म्हणणं पाठ करतं. इथे आपल्याला त्याचं म्हणणं ऐकावं लागतं.

पण व्यवस्थेला ऐकायची सवय नाही. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये स्वतःची गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. शिक्षण विभागाने ती अनधिकृत ठरवून नोटीस दिली. पाचवीपर्यंत शक्य तिथे घरच्या भाषेत शिकवा, असं 2020 चं धोरण सांगतं. तेच धोरण दाखवून आम्हाला काड्यांचं घर करायला लावतात.

दुसरी वाट शोधायला फार लांब जायला नको. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामला, नई तालीममध्ये देवी प्रसाद 1944 पासून जवळजवळ दोन दशकं कला शिकवत होते. शांतिनिकेतनात घडलेला हा चित्रकार आणि कुंभार. कला हा शिक्षणाचा पायाच आहे, अशी त्यांची मांडणी होती. तिथे शिक्षक होण्यासाठी आधी स्वतः हाताने काही घडवावं लागे. ज्याने कधी चाक फिरवलं नाही, त्याला मुलाचं वाकडं मडकं चूक वाटतं. ज्याने फिरवलंय, त्याला त्या वाकडेपणात प्रयत्न दिसतो. ही नजर तीन दिवसांत येत नाही आणि पीपीटीतून तर नाहीच.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. दोन्ही जिल्ह्यांच्या डायटनी दंडारवाले, नाटकवाले, रेला गाणाऱ्या बाया, बुरड, कुंभार यांना मानधन देऊन प्रशिक्षक म्हणून बोलवावं; स्वागतगीतापुरतं नको. प्रत्येक शिक्षकाने वर्षभर एकच कला त्यांच्या हाताखाली शिकावी, महिन्यातून एकदा, त्यांच्याच गावी जाऊन. शंभराची अट सोडून केंद्रातल्या शाळांना मिळून एक कलावंत द्यावा. फोटो आणि लिंक बंद करून त्या वेळेत मुलांनी सांगितलेल्या गोष्टींची वही ठेवावी. आणि कुठलं गाणं शाळेत आणायचं, कुठलं देवाजवळ किंवा मयताजवळच राहू द्यायचं, हे गाव ठरवील, आम्ही नाही. नाहीतर उद्या रेलाच्या चालीवरही बेचे पाढे ऐकू येतील आणि त्याला आम्ही नवोपक्रम म्हणू.

यात पैसा फारसा नाही. अडचण मानाची आहे. ज्याला आपण ‘पालक’ म्हणून सभेत सतरंजीवर बसवतो, त्याच्यासमोर शिक्षकाने विद्यार्थी होऊन बसायचं आहे. ते आम्हाला जमलं, तर मुलं कला शिकतील की नाही सांगता येत नाही, पण आपल्या बापाला काही येतं, हे त्यांना शाळेत बसून पहिल्यांदा कळेल.