बारीक नळी, लांब पथ्य

खांद्याची कंडरा फाटली आहे, शस्त्रक्रिया करावी लागेल, असें डॉक्टरांनीं सांगतांच घरांतील वडील मंडळींच्या डोळ्यांपुढें मोठा सुरा उभा राहतो. ही भीति आतां बहुतांशीं निराधार आहे. परंतु ती गेली म्हणजे तिच्या जागीं जी बेफिकिरी येते, ती आम्हांस अधिक घातक वाटते.

सांध्यांत शिरणारें मुख्य हत्यार म्हणजे सुमारें 4 मिलिमीटर जाडीची दुर्बीण. तिचें भिंग बहुधा 30 अंशांनीं तिरपें असतें. त्यामुळें नळी जागच्या जागीं फिरविली कीं कोपऱ्यापलीकडचेंही दिसतें. निर्जंतुक खारें पाणी सोडून सांधा फुगवितात. रक्तही त्यानेंच धुतलें जातें. दुसऱ्या छिद्रांतून फिरतें पातें येतें. तें बिघडलेला भाग कापतें आणि त्याच नळींतून ओढूनही घेतें. शेवटीं दोरा ओंवलेली बारीक खुंटी हाडांत बसवून फाटलेली कंडरा तिला बांधतात.

सुश्रुतानें जीं 101 यंत्रें सांगितलीं, त्यांत नाडीयंत्रें म्हणजे पोकळ नळ्या आहेत. आंतील रोग पाहणें, चोखून काढणें, क्रिया सुलभ करणें, हे त्यांचे उपयोग. साम्य मनोरंजक खरें. पण तेवढ्यावरून ही दुर्बीण आमच्याच पोथींतली, अशी बढाई कोणी मारूं नये. टोकियोच्या केन्जी तकागी यांनीं 1918 मध्यें मूत्राशय पाहण्याची नळी मृतदेहाच्या गुडघ्यांत घालून पाहिली, तेथून ही विद्या वाढली.

आतां घरची गोष्ट. छिद्रें पदराआड झांकतील एवढीं. सूनबाई एक-दोन दिवसांत घरीं येतात. मग सासूबाईंना वाटतें, एवढ्याशा जखमेचें इतकें कौतुक कशाला? पण कंडरा हाडाला चिकटण्यास लागणारा काळ छिद्राच्या मापानें कमी होत नाहीं. बहुधा चार ते सहा आठवडे हात झोळींत ठेवावा लागतो, आणि पुरती शक्ति येण्यास कित्येक महिने जातात. मध्येंच कळशी उचलली, तर खुंटी जागेवर राहते आणि दोरा कंडरेंतून फाटून निघतो. उलट, सांगितलेले व्यायाम वेळेवर न केले, तर खांदा आखडतो.

बोस्टनचे शल्यज्ञ कॉडमन यांनीं कंडरा शिवण्याचा आपला अनुभव 1911 मध्यें प्रसिद्ध केला. प्रत्येक रोग्याची वर्षानंतर पुन्हा तपासणी व्हावी, असा त्यांचा हट्ट असे. सहव्यवसायिकांना तो रुचला नाहीं. म्हणून हत्यार कोणतें, हें विचारण्याआधीं झोळी किती दिवस आणि व्यायाम केव्हांपासून, हें डॉक्टरांना विचारून घ्यावें, आणि तेवढ्या दिवसांची स्वयंपाकघरांतील पाळी शस्त्रक्रियेपूर्वींच ठरवावी. रात्रीं पाठीशीं उशा रचून अर्धवट बसतें झोंपणें पुष्कळांना सोईचें जातें; त्या उशाही आधींच काढून ठेवाव्या.