गरोदरपणाची फाईल जपून ठेवा



हल्ली व्याख्यान संपल्यावर स्थानकाच्या दारात पाच-सहा जणी थांबलो की विषय ठरलेला. कुणाच्या मुलीला पीसीओडी, कुणाच्या सुनेला दिवस राहत नाहीत, कुणाच्या नातीची पाळी चौथीत असतानाच सुरू झाली. मग मोबाईल, जागरण आणि पिझ्झा यांच्या नावाने खडे फोडून आपण घरी जातो. त्यात तथ्य आहेच. पण माझे मत असे की आपण वही मधल्या पानापासून वाचतो. पहिले पान मुलगी पोटात असतानाचे असते.

मुलीची स्त्रीबीजे ती आईच्या पोटात असतानाच तयार होतात. पाचव्या महिन्यात ती साठ-सत्तर लाख असतात, जन्मताना दहा-वीस लाख उरतात. आमच्या बी.कॉम.च्या भाषेत हा ओपनिंग बॅलन्स. पुढे जमा नाही, फक्त खर्च. जरा विचार करा, माझी आई माझ्या आजीच्या पोटात होती, तेव्हा ज्या बीजातून पुढे मी झाले तेही तिथेच होते! गर्भाशय आणि बीजनलिकाही याच काळात घडतात. शरीरातले हार्मोन हे काम चालवतात, म्हणून बाहेरून आलेले हार्मोन किंवा तसे वागणारे रसायन तिथे ढवळाढवळ करू शकते.

याचा सगळ्यात मोठा पुरावा डीईएस नावाच्या कृत्रिम इस्ट्रोजेनचा. १९३८ मध्ये इंग्लंडमध्ये ते तयार झाले आणि पुढे गर्भपात टळावा म्हणून अमेरिकेत लाखो गरोदर बायकांना दिले गेले. १९५३ मध्ये शिकागोच्या अभ्यासात दिसले की त्याचा काहीच उपयोग होत नाही. तरी डॉक्टर ते लिहून देतच राहिले. १९७१ मध्ये बोस्टनच्या डॉ. आर्थर हर्बस्ट यांनी योनीमार्गाचा दुर्मिळ कर्करोग झालेल्या आठ तरुण मुलींची माहिती छापली. आठांपैकी सात जणींच्या आयांनी गरोदरपणी डीईएस घेतले होते. आणि हा धागा हाती आला तो एका आईमुळे. त्या गोळ्यांचा याच्याशी संबंध असेल का, हे तिने स्वतः विचारले होते.

कर्करोग साधारण हजारात एकीलाच झाला. पण बाकीच्याही सुटल्या नाहीत. कुणाचे गर्भाशय इंग्रजी टी अक्षरासारखे, कुणाचा गर्भ नळीत अडकला, कुणाची बाळे वेळेआधी आली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिशेबानुसार डीईएस घेतलेल्या आयांच्या मुलींपैकी ३३ टक्के जणींना वंध्यत्वाचा त्रास झाला, इतर मुलींमध्ये तो आकडा १५ टक्क्यांच्या आसपास होता. गोळी आईने घेतली आणि बिल आले मुलीला, तेही वीस-तीस वर्षांनी.

अमेरिकेचे राहू द्या. माझ्या पिढीला ई.पी. फोर्ट आठवत असेल. पाळी लांबली की दिवस गेलेत का हे पाहायला या जास्त ताकदीच्या हार्मोनच्या गोळ्या घेत. रक्तस्राव झाला तर दिवस गेलेले नाहीत, नाही झाला तर गेलेत, अशी ती परीक्षा. म्हणजे खरोखर गर्भ असेल तर पहिला डोस त्यालाच! ब्रिटनमध्ये अशा गोळ्यांची विक्री १९७८ मध्येच थांबली होती. आपल्याकडे १९८२ मध्ये बंदीचा आदेश निघाला, कंपन्यांनी मुंबई आणि कलकत्ता उच्च न्यायालयांतून स्थगिती आणली, आणि महिला व आरोग्य संघटनांनी पिच्छा पुरवला तेव्हा १९८८ मध्ये बंदी पक्की झाली. मधली सहा वर्षे गोळ्या दुकानात मिळतच होत्या. तेव्हा 'मेडिकलमध्ये मिळते म्हणजे चालते' हे मला सांगू नका.

आता जरा कडू बोलते. मुलगा व्हावा म्हणून दुसऱ्या महिन्यात द्यायच्या पुड्या अजून गुपचूप दिल्या जातात. मुलगा की मुलगी हे गर्भ राहतो त्याच क्षणी ठरलेले असते. पुडी पोटात जाते ती बाळाचे अवयव घडत असताना. हरियाणात अशा औषधांची तपासणी झाली तेव्हा त्यांत वनस्पतीजन्य इस्ट्रोजेन सापडले, आणि ती घेणाऱ्यांच्या बाळांमध्ये जन्मजात दोष जास्त दिसले. पाणी गाळून पिणारी, चातुर्मासात हिरवी भाजी सोडणारी आपली माणसे, आणि पुडीत काय आहे हे मात्र सुनेने विचारायचे नाही?

कल्पसूत्रात वर्णन आहे की त्रिशलामाता गर्भकाळात अति थंड, अति उष्ण, अति तिखट, अति कडू असे काही घेत नसत. इतकी काळजी आहाराची, मग औषधाची किती हवी!

याचा अर्थ डॉक्टरांच्या गोळ्या फेकून द्या असा अजिबात नाही. थायरॉईडची गोळी बंद केली तर बाळाचेच नुकसान. प्रोजेस्टेरॉनही काहींना खरोखर लागते: ब्रिटनमधल्या चार हजारांवर बायकांच्या चाचणीत, आधी गर्भपात झालेल्या आणि आता रक्तस्राव होणाऱ्यांना त्याचा फायदा दिसला, सरसकट सगळ्यांना नाही. म्हणून 'ही मला का?' एवढे सुनेने विचारावे, आणि सासूने तिला विचारू द्यावे.

आपल्या जिल्ह्यात फवारणीचा विषयही टाळता येत नाही. संगमनेरकडची डाळिंबे, राहात्याचे पेरू, सगळीकडे औषध मारावे लागते. कॅलिफोर्नियात १९६०च्या सुमारास बाळंत झालेल्या बायकांचे रक्त साठवून ठेवले होते. पुढे त्यांच्या मुली मोठ्या झाल्यावर पाहिले तर ज्यांच्या आईच्या रक्तात डीडीटी जास्त, त्यांना दिवस राहायला जास्त वेळ लागला. गरोदर बाईला फवारणीच्या दिवशी शेतात पाठवू नका, फवारणीचे कपडे तिला धुवायला लावू नका. आणि बाजारातून पातळ पिशवीत येणारा उकळता चहा तिला तरी देऊ नका.

डीईएसच्या कित्येक मुलींना आपल्या आईने नक्की काय घेतले हे कळलेच नाही. चिठ्ठी नाही, डॉक्टर हयात नाही, आईला आठवत नाही. आपल्याकडे सोन्याच्या पावत्या तीस वर्षे जपतात आणि गरोदरपणाची फाईल बारशानंतर रद्दीत जाते. गोळीचे नाव, कितव्या महिन्यात, किती दिवस, कशासाठी, इंजेक्शने कोणती, एवढे एका वहीत लिहा. मुलगी अठराची झाली की वही तिच्या हाती द्या. सोनोग्राफीचे चकचकीत कागद काही वर्षांत पुसट होतात, त्यांचे फोटो आजच काढून ठेवा.