नाताळचा सण आणि मनाचे आरोग्य

वर्षअखेरीस खडकवासल्याच्या धरणाकाठी पर्यटकांची रीघ लागते. सिंहगड रस्त्यावर वाहने खोळंबतात, परिसरातील ख्रिस्ती घरांवर नाताळचे तारे झळकू लागतात. याच दिवसांत काही घरांत मात्र मन जड झालेले असते. ख्रिस्तसभेने या वस्तुस्थितीकडे डोळेझाक करू नये, असे आम्हांस वाटते.

प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. नाताळच्या काळात आत्महत्या वाढतात, असे पाश्चात्त्य वृत्तपत्रांतून वारंवार लिहिले जाते. अमेरिकेतील अधिकृत नोंदी पाहता डिसेंबरमध्ये हे प्रमाण बहुधा कमीच असते. तेव्हा सणाला दोष देण्याचे कारण नाही. परंतु जी वेदना वर्षभर कामाच्या धबडग्यात दबलेली असते, ती सणात उघडी पडते, हे नाकारता येत नाही.

या वेदनेची कारणे आपल्या परिचयाची आहेत. नगर जिल्ह्यातून पुण्यात स्थायिक झालेल्या अनेक कुटुंबांतील वृद्ध आईवडील गावीच राहिले आहेत. काहींची मुले परदेशी आहेत. सैन्यातील जवानाच्या घरी गोठा सजतो, पण घरधनी सीमेवर असतो. ज्या घरात यंदा मृत्यू झाला, तेथे करंज्या तळताना हात थांबतात. नवे कपडे, फराळ, पाहुणचार यांसाठी कर्ज काढणारा गृहस्थ जानेवारीच्या हप्त्यांच्या चिंतेने झोपत नाही. त्यातच '३१ डिसेंबर'च्या नावाखाली मद्यपान वाढते आणि त्याचे चटके पत्नी व मुलांना बसतात.

अशा दुःखी माणसाला आपण "सणासुदीला असे तोंड पाडून बसू नये" असे सुनावतो. ख्रिस्तसभेचे पंचांग मात्र वेगळे शिकविते. २५ डिसेंबरनंतर दुसऱ्याच दिवशी आपण रक्तसाक्षी संत स्तेफनचा सण पाळतो आणि २८ डिसेंबरला हेरोदाने मारलेल्या निष्पाप बालकांचे स्मरण करतो. गोठ्याजवळ अश्रूंनाही जागा आहे. जुन्या करारातील एलिया संदेष्टा निराशेने मरण मागू लागला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले, भाकर व पाणी दिले.

मानसिक आजार म्हणजे श्रद्धेची उणीव, हा समज आता तरी सोडावा. १९१७ च्या धर्मविधी संहितेत जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्ती दफनविधी नाकारण्याची तरतूद होती. १९८३ च्या संहितेत तिचा उल्लेख नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथानुसार गंभीर मानसिक विकार वा तीव्र वेदना यांमुळे अशा व्यक्तीचे उत्तरदायित्व कमी होऊ शकते आणि तिच्या तारणाविषयी आशा सोडू नये. देशाच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून तिची काळजी घेण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे.

मग आपण काय करावे? खर्चाची मर्यादा कुटुंबाने एकत्र बसून आगमनकाळातच ठरवावी. झोप, जेवण व नियमित औषधे सणातही चुकवू नयेत. कॅरल गाणाऱ्या तरुणांनी शोक असलेल्या घराला वगळू नये; आधी विचारून जावे, हवे तर केवळ एक प्रार्थना म्हणून यावे. विन्सेंट द पॉल संस्थेच्या सभासदांनी एकट्या वृद्धांना मिस्सेला नेण्याआणण्याची व्यवस्था करावी. व्यसनाचा प्रश्न असल्यास पुण्यातच १९८६ पासून कार्यरत असलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचे साहाय्य घ्यावे.

खडकवासल्याच्या रहिवाशांना विसर्गाचे महत्त्व सांगावयास नको. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, त्याच्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचा बांधही टिकला नाही आणि पुणे जलमय झाले. साचलेले दुःखही वेळीच बोलून मोकळे करावे. पापनिवेदनासाठी धर्मगुरूंकडे अवश्य यावे. परंतु दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, निद्रानाश किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर डॉक्टरांकडेही जावे. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असल्यास क्षणाचाही विलंब लावू नये. शासनाची 'टेली-मानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध असून तेथे मराठीतून बोलता येते.

बेथलेहेमात मरिया व योसेफ यांना उतारशाळेत जागा मिळाली नाही. यंदा आपल्या शेजारच्या उदास माणसाला तरी आपल्या घरात, आपल्या पंक्तीला जागा मिळो, हीच बाळ येशूचरणी प्रार्थना.