खेळातलं घर, फॉर्ममधलं कुटुंब

समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला होते. क्षेत्रकार्यासाठी उड्डाणपुलाखालच्या मुलांसोबत बसायचे. बाटल्यांची झाकणं, खडे, काड्या समोर ठेवायच्या आणि म्हणायचं, "यांची गोष्ट सांग."

नऊएक वर्षांच्या एका मुलीने मोठं झाकण मांडलं. "ही आई." त्यात एक खडा. "हा बारका." बाप लांब ठेवला. "त्यो कामाला गेलाय." मग टपरीवाली आजी आली. मी विचारलं, "ही तुमची कोण?" मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. "आजीच की. आमचं सामान सांभाळती." एवढ्यात दगडाची गाडी आली, सामान उचलून नेणारी. सगळे पांगले. गाडी गेल्यावर मुलीने एकेक झाकण गोळा केलं, मोजलं. "समदी हायत."

फॉर्मवर 'कुटुंबाची स्थिती' असा रकाना होता. मी लिहिलं, 'विस्कळीत'.

तो शब्द आजही सलतो. त्या गोष्टीत नाती विस्कटली नव्हती, गाडीने माणसं पांगवली होती. पण माझ्या हातातलं माप होतं चार भिंतींचं, रोज घरी येणाऱ्या बापाचं, रक्ताच्या आजीचं. हे माप माझ्या घरालाही कुठे लागू होतं? आई धुणीभांडी करायला जायची तेव्हा शेजारच्या मावशीनेच मला जेवू घातलं. पदवी घेता घेता मी मावशीला विसरले.

पुलाखालची ती बिऱ्हाडं पारध्यांची होती. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याखाली पुढे पारध्यांवरही जन्मजात गुन्हेगार असा शिक्का बसला. अशा जमातींची मुलं आईबापांपासून तोडून वेगळी ठेवण्याची सोयही याच कायद्यात नंतर झाली. १९५२ साली कायदा गेला. पण 'यांच्यापासून यांची मुलं वाचवायला हवीत' ही नजर गेली नाही. आपल्या फॉर्ममधला एक शब्द तिच्या कामी येऊ शकतो.

पुलाखाली सगळं गोड असतं, असं नाही. खेळात बापाचं झाकण लाथाडणारं मूलही असतं. तेही ऐकायलाच हवं. पण एका खेळावरून निकाल देऊ नये. पुन्हा बसावं, पुन्हा विचारावं. २०१५ चा बाल न्याय कायदाही सांगतो की मुलाचं म्हणणं ऐका आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय माना.

रक्तापलीकडचं कुटुंब आपल्याला नवं नाही. जोतीराव-सावित्रीबाईंनी काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत दत्तक घेतला. जात आणि रक्त यांच्या मापाने ते घरही 'विस्कळीत'च ठरलं असतं.

आपल्यातले कितीतरी जण आज टेबलाच्या अलीकडे, फॉर्म भरणाऱ्याच्या खुर्चीत बसले आहेत. रकान्यात शब्द भरण्याआधी मुलाने सांगितलेली गोष्ट त्याच्याच शब्दांत लिहा. त्याने कुणाकुणाला मोजलं, तेही लिहा.