मार्चचं ऊन आणि ताटातली रोटी

२०२२ चा उन्हाळा आठवून पाहा. रमजान एप्रिलच्या सुरुवातीला लागला आणि ईद होऊन काही दिवस झाले नाहीत तोच, १३ मे रोजी सरकारने गव्हाची निर्यात बंद केली. रेशनवर अनेक राज्यांत गव्हाच्या जागी तांदूळ आला. तेव्हा आपल्यापैकी कुणी व्यापाऱ्याला बोल लावला, कुणी युक्रेनच्या युद्धाला. दोन्हींत तथ्य होतं. पण एक मोठं दुखणं शेतातच होतं.

१९०१ पासूनच्या नोंदींत तो देशातला सर्वांत उष्ण मार्च ठरला. पंजाब-हरियाणात गव्हाचा दाणा नेमका तेव्हाच भरत होता. अशा वेळी ऊन वाढलं की पीक घाईने पिकतं, स्टार्च कमी साठतो आणि दाणा चिमतो. असे सुरकुतलेले दाणे इतके निघाले की सरकारी खरेदीत त्यांची मर्यादा ६ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर न्यावी लागली.

मात्र सगळा गहू उन्हापुढे सारखाच हरत नाही. काही वाण लवकर ओंबी धरतात आणि ऊन तापण्याआधी सुटतात. काहींची पानं जास्त दिवस हिरवी राहतात. काही खोडात साठवलेली साखर दाण्याकडे पाठवतात. हे गुण जनुकांतून येतात, म्हणून ते निवडून नव्या वाणात आणता येतात. आपल्याकडे निफाडच्या केंद्राचा एनआयएडब्ल्यू ३४ हा वाण उशिराच्या पेरणीसाठीच आहे.

मग अडतं कुठे? लवकर पिकणारा वाण थंडी चांगली पडली तर थोडं कमी देतो. ज्याच्याकडे दोनच एकर आहेत, तो हा धोका का घेईल? खरिपाचं पीक निघायला उशीर झाला की पेरणी डिसेंबरात जाते, आणि दुकानात मिळेल ते बियाणं उचललं जातं.

निर्यातबंदीने शहरातलं पीठ सावरतं, पण शेतकऱ्याला चढा भाव मिळायची संधी जाते. त्यापेक्षा योग्य बियाणं पेरणीआधी गावात पोहोचवणं सरकारला स्वस्त पडेल, असं आम्हाला वाटतं. आपल्या घरात कुणी शेती करत असेल, तर यंदा बियाणं घेताना एवढं जरूर विचारा: हा वाण वेळेवरच्या पेरणीचा की उशिराच्या? रोटीतली बरकत याही प्रश्नावर अवलंबून आहे.