पाचोळा कोणाच्या खात्यात?

झाड वृक्ष प्राधिकरणाचे आणि पान ठेकेदाराचे, ही वाटणी आम्हांला मुळातच अमान्य आहे. 1975च्या अधिनियमानुसार अमरावतीत विनापरवानगी झाड तोडणे हा गुन्हा. पण त्याच कडुनिंबाचा पाचोळा फाल्गुनात बुंध्याशी ढीग करून पेटवला जातो आणि साल होरपळते. उघड्यावर कचरा जाळण्यास 2016च्या घनकचरा नियमांनी मनाई केली, बागेचा कचरा वेगळा ठेवावयास सांगितले. (गाडगेबाबांचे नाव विद्यापीठाला देऊन शहर मोकळे झाले, खराटा कोणी घ्यायचा?) ठेका कोणाला, यावर सभागृहाने हवे तेवढे भांडावे. आधी करारात पाचोळ्याचे कलम घालावे: तो स्वतंत्र उचलावा, उद्यानातच कुजवावा, सुकळीच्या ढिगाऱ्यात लोटू नये. आणि जाळल्यास दंड ठेकेदाराच्या देयकातून कापावा, झाडूवाल्या बाईच्या रोजीतून नव्हे.